गोऱ्या विहीणबाई

मे महिन्यात आमचं बोर्डिंग रिकामं होतं, ही गोष्ट कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. अमेरिकेत ती कुणाला ठाऊक नव्हती. त्यामुळं सत्तर सालानंतरच्या एका उन्हाळ्यात एक अख्खं गोरं कुटुंब अनाथ मुलींची सेवा करायला सातासमुद्रापलीकडून येऊन आमच्या दारात उतरलं, तेव्हा सेवा करून घ्यायला आम्ही चौघीच शिल्लक होतो.

बोर्डिंग मिशनचं. एरवी तिथं पाय ठेवायला जागा नसायची. पण बहुतेक मुलींना आईबाप नसले तरी एखादा मामा, एखादी आत्या, गेलाबाजार सावत्र चुलती तरी असायची. परीक्षा झाली की ती माणसं येऊन पोरींना गावाला घेऊन जायची, आणि जून उजाडला की आणून सोडायची. ज्यांना न्यायला कुणीच येत नसे त्यांना आमच्या मोठ्या बाई 'शिल्लक' म्हणत. मी बारा वर्षांची, चौघींत थोरली आणि शिल्लक राहण्यात सगळ्यांत मुरलेली. मला दारात कुणी आणून ठेवलं ते बोर्डिंगलाच माहीत नव्हतं, तर मला कुठून असणार? त्याचं मला फारसं दुःखही नव्हतं. सुट्टीत अख्खी चिंच आमच्या चौघींच्या मालकीची असे.

अनाथाश्रमाला उन्हाळ्याची सुट्टी असते हे त्या कुटुंबाच्या कल्पनेत नव्हतं. आणि कुणी कामावरून सुट्टी काढून सेवा करायला येतं हे आमच्या कल्पनेत नव्हतं. आमच्याकडं सुट्टी म्हणजे लोळायची. साहेब ताडमाड उंच, मडम गुबगुबीत आणि हसरी, आणि त्यांची मुलगी माझ्याच वयाची, नाकावर तांबडे ठिपके असलेली. तीन आठवडे राहणार होते. बरोबर पेट्यांवर पेट्या. चाळीस मुलींना पुरतील एवढे दात घासायचे ब्रश आणले होते, ते आम्हा चौघींत वाटले. दहा-दहा ब्रश हातात घेऊन आम्ही एकमेकींकडं बघत बसलो. तोवर आम्ही राखुंडीनं दात घासत होतो आणि बोट एकच लागत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहुल्यांचा खेळ केला. बायबलातला योना, त्याला गिळणारा मासा, वादळ, सगळं सामान होतं. समोर आम्ही चौघी, मोठ्या बाई आणि सावलीला आलेली एक शेळी. खेळ संपला तेव्हा आम्ही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्यांत चाळीसजणींची भर आम्हालाच घालायची होती. मडमला एवढा आनंद झाला की त्यांनी लगेच सगळा खेळ पुन्हा केला.

मोठ्या बाईंबद्दल इथं सांगायला हवं. साठी उलटलेल्या, लग्न न केलेल्या, गुडघे धरलेल्या, पण आवाजाला अजून गंज चढलेला नाही. इंग्रजी येत असे ते फक्त त्यांना. आणि त्यांचा एक नियम होता, तो बहुधा दहा आज्ञांच्याही आधीचा असावा: पाहुण्यानं इकडची काडी तिकडं करायची नाही. पाहुणा येतो, बसतो, खातो, 'आता पुरे' म्हणतो, आणखी खातो आणि जातो. त्यानं झाडू उचलला तर घराची लाज गेली.

आणि ह्या पाहुण्यांना झाडूच पाहिजे होता. साहेब सकाळी उठून आवार झाडायला निघाले तर आम्ही आधीच झाडून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी ते लवकर उठले. आम्ही त्याहून लवकर उठलो. तिसऱ्या दिवशी बाईंनी झाडूच लपवून ठेवले, आपल्या पलंगाखाली. मग साहेब पायी मंडईत गेले आणि खांद्यावर बंदुकीसारखा खराटा टाकून परत आले. वाटेत कुणीतरी विचारलंच असणार, "काय पावणं, कुठं निघालायसा?" साहेब सगळ्यांना हात हलवत, हसत आले. बाई पलंगावर बसून नुसत्या बघत राहिल्या.

"सेवा करायला एवढ्या लांबून आलेत," त्या पुटपुटल्या, "आणि आम्ही करू देईना. देवाला काय तोंड दाखवायचं?"

जेवणाचंही तसंच. स्वयंपाकाच्या मावशी सुट्टीला गावाकडं गेलेल्या. बाईंचे गुडघे त्यांना चुलीपुढं बसू देईनात, तेवढ्या संधीत मडमनं चूल ताब्यात घेतली आणि शेवयांसारखं पोकळ काहीतरी दुधात शिजवून वाढलं. पांढरंफेक. आजारी माणसाला देतात तसं. पण टाकायचं नाही ही बोर्डिंगची शिस्त. मी झग्याच्या खिशात कांदा-लसणीच्या चटणीची पुडी ठेवायला लागले आणि ती ताटाखालून चौघींत फिरायची. आमची ताटं चाटूनपुसून लख्ख होताना बघून मडमचे डोळे भरून येत. एक दिवस त्यांनी प्रेमानं माझ्या ताटातला घास उचलून तोंडात घातला. मग त्यांचे डोळे खरोखरच भरून आले. पाणी, साखर, केळं, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी मात्र जेवायला बसताना त्यांनी माझ्यापुढं गुपचूप हात पसरला. मी पुडी दिली.

असा आठवडा गेला आणि मग ताई यायची वेळ झाली. खरी गोष्ट तिथून सुरू होते.

ताई आमचीच. माझ्यासारखीच शिल्लक खात्यातली, पण वयानं दहाएक वर्षांनी मोठी. माझ्या वेण्या तिनं घातल्या, मला पोहायला तिनं ढकललं. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न कुरुंदवाडच्या एका ख्रिस्ती घरात लागलं. मुलगा चांगला होता, पण त्याच्या आईनं पाद्रीसाहेबांसमोरच अडवलं होतं. "पोरगी ग्वाड हाय, मान्य. पन तिला माहेर न्हाय. उद्या पहिलं बाळंतपण आलं तर कुणाच्या दारात न्हेऊन सोडायची?" आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणजे व्हायचंच, मग तुम्ही देवळात जाणारे असा नाहीतर चर्चमध्ये. त्यावर मोठ्या बाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या होत्या, "माहेर आहे. हे बोर्डिंग तिचं माहेर. पहिलं बाळंतपण आमच्याकडं."

शब्द दिला तो दिला. आता नववा महिना लागला होता आणि सासूबाई सुनेला घेऊन स्वतः येणार होत्या, माहेर बघायला. त्यांच्या मनाला आलं नाही तर सुनेला आल्या पावली परत नेणार, हेही त्यांनी आधीच कळवून ठेवलं होतं. एकदा परत गेली की ताईला जन्मभर ऐकावं लागणार होतं की तुला पुढं नाही, मागं नाही. आणि त्या 'मागं नाही'त आम्हीही होतो. ताईचं माहेर टिकलं तर उद्या आमचंही टिकणार होतं. बाराव्या वर्षी मला लग्नात काडीचा रस नव्हता, पण कुणी माझ्या घराला घर नाही म्हटलेलं मला खपणार नव्हतं.

अडचणी दोन. बाळंतिणीसाठी राखलेली पूर्वेकडची मोरीची खोली बाईंनी पाहुण्यांना दिली होती. आणि माहेरात माणसं पाहिजेत ती नव्हती. बाईंनी हिशेब केला होता की ताई येईल जूनमध्ये, भरल्या घरात. ताईच्या पोटातल्या बाळाचा हिशेब वेगळा होता.

सासूबाई यायच्या त्याच सकाळी बाईंनी साहेबांपुढं हात टेकले. कंटाळून म्हणाल्या, करा आज काय करायची ती सेवा. मुली आज बसतील, तुम्ही काम करा. तसा हुकूमच निघाला. आम्हा चौघींना पायरीवर ओळीनं बसवलं, हातात एकेक आंबा दिला आणि उठायचं नाही असं बजावलं. साहेब बनियनवर विहिरीकडचा दगड घासायला बसले. मुलगी कळशीनं पाणी वाहायला लागली. मडम भांड्यांचा ढीग घेऊन बसल्या, मग इकडंतिकडं बघून माझ्याकडं वळल्या आणि हातानं घासायची खूण करून भुवया उंचावल्या. राख कुठंय? मी आंब्याच्या कोयीनं चुलीमागचा डबा दाखवला.

मडम राखेनं माखल्या तेव्हा कुठं माझं लक्ष फाटकाकडं गेलं. ताई आत येत होती आणि तिच्यामागं सासूबाई, कधीच्या तिथं होत्या कुणास ठाऊक.

आडव्या बांध्याच्या, नऊवारी लुगड्यातल्या, काखेत गाठोडं. त्यांची प्रार्थना लांब असते असं ताईनं लग्नानंतर सांगितलं होतं, जीभ किती लांब ते आम्हाला माहीतच होतं. त्या फाटकाशीच थांबल्या. त्यांनी विहिरीवरचे साहेब बघितले, राखेनं माखलेली मडम बघितली, हातावरून रस ओघळणाऱ्या आम्हा चौघींना बघितलं.

"ह्यो काय परकार म्हणायचा?" त्या म्हणाल्या. "पावण्यास्नी कामाला जुपलंय आन प्वारी आंबं खायाला लागल्यात?" मग सुनेकडं वळून, "हे तुजं माहेर व्हय? हितं पावण्याची कदर न्हाय, आन मी तुला हितं ठिऊ?"

ताईचा चेहरा असा झाला की मी कोय पायरीवर ठेवून दिली. मोठ्या बाई मात्र काठी टेकत सावकाश पुढं आल्या.

"पाहुणे? कुठले पाहुणे?" त्या म्हणाल्या. "घरचीच माणसं आहेत ही."

"घरची? गोरी?"

"गोरी काय आणि काळी काय. विहीणबाई, तुम्ही जाणत्या आहात, तुम्हीच सांगा. पाहुणा कधी भांडी घासतो?"

सासूबाईंनी विचार केला. "न्हाय घासत."

"मग?"

सासूबाई सहजासहजी सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. गाठोडं दुसऱ्या काखेत घेत त्यांनी विचारलं, "मग बाळंतपण काय ही बाई करणार?"

बाईंनी मडमकडं वळून इंग्रजीत काहीतरी विचारलं. मडम उठल्या, राखेचे हात पुढं धरून दोनतीन वाक्यं बोलल्या. बाईंनी गंभीर चेहऱ्यानं भाषांतर केलं, "म्हणतात, लेकीचं बाळंतपण आईनं नाही करायचं तर कुणी करायचं?"

मी सहावी पास झाले होते. सोप आणि वॉटर हे दोन शब्द मला कळत होते. मडमनं हात कुठं धुवायचे एवढंच विचारलं होतं. पण बाई भाषांतर करत नसत, सुधारणा करत.

पुढं बाईंनी मडमला खोलीत नेऊन खरं काय ते सांगितलं. आम्ही खिडकीखाली बसून ऐकत होतो, कळत काही नव्हतं. मडम बाहेर आल्या त्या सरळ ताईपुढं जाऊन उभ्या राहिल्या, तिच्या दोन्ही गालांवर हात ठेवले आणि लगेच आत जाऊन आपलं अंथरूण गुंडाळायला लागल्या. तासाभरात पूर्वेची खोली रिकामी झाली आणि ते तिघं आमच्या हॉलमध्ये आले. साहेबांचे पाय कॉटच्या बाहेर एवढे यायचे की सकाळी सगळ्यांत धाकटी त्यांच्यावर टॉवेल वाळत घालायची.

सासूबाई दोन दिवस राहिल्या, परीक्षकासारख्या. विहिणीचा मान म्हणून त्यांना पाटावर बसवून वाढलं. मडमनं स्वतः वाढलं, डाव्या हातानं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले आणि जेवल्या. जाताना मात्र फाटकात उभ्या राहून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ठेवतोय मी सुनंला. बाळ झालं की सांगावा धाडा, बाराव्या दिशी बारशाला येतो. त्या दिवशी माहेरची समदी माणसं हितं दिसली पायजेत, एकूणएक."

बाई हो म्हणाल्या. पण साहेबांचं परतीचं विमान ठरलेलं होतं, आणि बाळ आजच झालं असतं तर बारावा दिवस विमानाच्या आदल्या दिवशी येत होता.

बाळाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. रोज सकाळी आम्ही चौघी ताईच्या पोटाकडं बघायचो आणि ताई ओशाळून पदर ओढून घ्यायची. बाईंच्या सकाळच्या प्रार्थनेत आता नवीन वाक्य आलं होतं, "प्रभू, तुझ्या वेळेनं होऊ दे, पण जरा लवकर." साहेबांनी आणलेली सुतारकामाची हत्यारं नुसती पडून होती, ती काढून त्यांनी पाळणा करायला घेतला. मन लावून, पॉलिशबिलिश करून. तयार झाल्यावर आम्ही बघायला गेलो तर पाळणा जमिनीवर! खाली दोन वाकड्या फळ्या आणि त्यावर तो डुलायचा. सगळ्यांत धाकटी म्हणाली, "हे काय, चाकं मोडलेली गाडी?" साहेबांना वाटलं ती खूश झाली, त्यांनी तिला उचलून आत बसवलं.

त्यांच्या मुलीला मी सांगून ठेवलं होतं की बाळ झाल्यावर तू मावशी. तिला तो शब्द फार आवडला. विहिरीवर, चिंचेखाली, जिथं तिथं ती छातीवर हात ठेवून स्वतःशी म्हणायची, "मावशी." मला राग यायचा. मावशी मी होते. ही तीन आठवड्यांची मावशी.

बाळ आलं ते आपल्याच वेळेनं, पाहुण्यांच्या हातात थोडेच दिवस उरले तेव्हा. पहाटे कळा सुरू झाल्या आणि शेजारच्या मिशनच्या दवाखान्यात ताईला नेलं. दुपारपर्यंत मडम तिच्याजवळून हलल्या नाहीत. मी बाहेर व्हरांड्यात गरम पाण्याचं भांडं घेऊन बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं. कळ आली की कुठलीही बाई ओरडते तशी ताई ओरडायची, "आई गं!" आणि आई म्हणजे काय हे आम्हीच मडमला शिकवलं होतं. त्यांना वाटायचं ही आपल्यालाच हाक मारते. दर वेळी आतून मडमचा आवाज यायचा, "येस! येस! आय ॲम हिअर!" एकदाही चुकला नाही. नर्स हसत होत्या. नंतर ताई मला म्हणाली, "आपण उगंच म्हणतो गं आई गं, आई गं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी ओ दिली." तेव्हा मला ह्या तीन आठवड्यांच्या माणसांवरचा सगळा राग सोडून द्यावा लागला.

मुलगी झाली आणि संध्याकाळी दोघींना पूर्वेच्या खोलीत आणलं. कुरुंदवाडला सांगावा गेला. मडमनं बाळाला न्हाऊ घालायचा हट्ट धरला, म्हणून बाईंनी त्यांना पाय लांब करून पाटावर बसवलं. पण मडमचे पाय एवढे लांब की बाळ गुडघ्याखाली कुठंतरी अर्ध्या वाटेत राहिलं आणि मडमचा हात तिथवर पोचेना. शेवटी पाय मडमचे आणि हात माझे, अशी आम्ही अंघोळ उरकली. असं चार दिवस चाललं.

पाचव्या दिवशी ते गेले. मडम राहते म्हणत होत्या, साहेब काहीतरी समजावत होते, आणि शेवटी बाईंनीच त्यांना सांगितलं की जा, तुमचंही घर आहे. टांगा आला. मडम खोलीच्या दारात उभं राहून ताईला बघत राहिल्या आणि साहेबांनी त्यांना दंडाला धरून नेलं. मुलगी माझ्याकडं आली, छातीवर हात ठेवला, मग तो माझ्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, "मावशी." मी मान हलवली. फाटकाबाहेर टांगा दिसेनासा झाला तरी आम्ही तिथंच उभ्या. मग आत बाळ रडलं.

आता बाळंतपण आमच्या गळ्यात. मोठ्या बाईंचे गुडघे चालत नव्हते, जीभ चालत होती. त्या खुर्चीत बसून सांगायच्या आणि आम्ही करायचो. शेगडी पेटवणं, ओवा-शेपांची धुरी, अंगाला तेल, हळिवाची खीर, लंगोट धुणं. पहिल्या दिवशी धुरीच्या नादात मी माझ्या भुवया जाळून घेतल्या. आमच्यातल्या एकीनं डिंकाचे लाडू केले, ते फोडायला वरवंटा लागला. पण होता होता जमलं. पाळण्याचंही आम्हीच बघितलं. जमिनीवरच्या पाळण्यात बारसं कसं करणार? विहिरीचा जुना दोर आणला, चौघींनी मिळून तो पाळणा तुळईला टांगला. खाली त्या दोन वाकड्या फळ्या तशाच अधांतरी हलत होत्या.

बारावा दिवस जवळ आला तशा बाई कमी बोलायला लागल्या. आदल्या दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवून शिकवलं, "विचारलंच तर सांगायचं, उन्हाचा त्रास झाला म्हणून महाबळेश्वरला गेलेत. उद्यापरवा येतील." लेकीला ओल्या बाळंतपणात टाकून आई महाबळेश्वरला हवा खायला जाते, ही थाप माझ्या गळ्याखाली उतरेना. पण बाईंना दुसरं काही सुचत नव्हतं. ताई बाळाला घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली होती. म्हणाली, "नेतील मला. घेऊन जातील उद्याच."

सासूबाई सकाळीच आल्या. मागं त्यांचा मुलगा, डोक्यावर टोपली, हातात बासुंदीचं भांडं. त्यांनी आधी नातीला घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं, टाळू दाबून बघितली. मग सुनेच्या कपाळाला हात लावला. मग खोलीभर नजर फिरवली.

"विहीणबाई कुठं हाईत?"

बाईंनी घसा साफ केला. "त्याचं असं झालं, उन्हाचा त्रास..."

पहाटेपासून मी शेगडी फुंकत होते. बोटांना फोड आले होते, डोळ्यांची आग होत होती, भुवया तर नव्हत्याच. आणि आल्या आल्या चौकशी कुणाची, तर विहीणबाईंची. माझं डोकं फिरलं.

"गेली ती," मी म्हणाले. "अमेरिकेला. परत येणार न्हाईत. आता आम्हीच हाय हितं. काय पायजे?"

बाईंनी डोळे मिटले. ताईनं बाळाला मागून घेऊन छातीशी धरलं. सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या, माझ्या हातांकडं, दोरीवरच्या लंगोटांकडं, तुळईला टांगलेल्या त्या गाडीकडं.

"गेली तर गेली," त्या म्हणाल्या. "पावणं जायाचंच की."

बाईंनी डोळे उघडले. "पाहुणे?"

"मला काय येडी समजलायसा व्हय, बाई? ती गोरी भांडी घासत हुती, पन राख कुठं ठेवलीया ते ह्या प्वारीला इचारत हुती. घरच्या बाईला राख इचारावी लागती व्हय?"

"मग तेव्हाच का नाही बोलला?" बाईंचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. "सुनेला ठेवून कशा गेलात?"

"ह्या प्वारीला ठावं हुतं की," सासूबाई म्हणाल्या. "हितं बसून, आंबा खाईत, नुसती कोय दावली तिनं. म्हटलं, हाय. माहेर हाय."

ताई रडायला लागली आणि तिचं बघून बाळ रडायला लागलं.

सासूबाईंना रडारड आवडत नसावी. त्यांनी पदर कमरेला खोचला, कोपऱ्यातल्या खिरीच्या करपलेल्या पातेल्याकडं बघून नाक मुरडलं आणि ते उचलून विहिरीकडं निघाल्या. दारात थांबून मला विचारलं, "राख कुठं हाय गं?"

मी पुढं होऊन त्यांच्या हातातून पातेलं काढून घेतलं.

"पावण्यांनी कामाला हात लावायचा नसतो," मी म्हणाले. "बसा." आणि त्यांच्यासाठी पाट मांडला.